आमची वाटचाल: हिशेबाच्या वह्यांपासून डायल गेजपर्यंत

मापन उपकरणांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन करणाऱ्या आमच्या छोट्या व्यवसायाला यंदा १४ वर्षे पूर्ण झाली. आज आम्ही सहा जण येथे काम करतो. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज, प्रेशर गेज अशी उपकरणे आमच्याकडे येतात. ती खोलून, साफ करून, जुळवून आणि प्रमाणित मापांशी ताडून आम्ही परत पाठवतो. या व्यवसायाची हकीकत मला पहिल्या टेबलापासून किंवा पहिल्या ग्राहकापासून सांगता येत नाही. ती त्याआधीच्या, न जुळणाऱ्या कामात गेलेल्या माझ्या नऊ वर्षांपासूनच सांगावी लागते, कारण माणूस निवडताना आणि त्याला काम सोपवताना आज आम्ही जे पाहतो, ते पाहण्याची नजर मला त्याच वर्षांनी दिली.

शाळेत मला गणितात चांगले गुण मिळत. गणित चांगले असलेली मुलगी हिशेबाच्या कामात चमकेल, असे घरच्यांना वाटले, शिक्षकांना वाटले आणि मलाही त्यात शंका घेण्यासारखे काही दिसले नाही. मी लेखा विभागात नोकरीला लागले आणि तेथे पाच वर्षे राहिले. पहिल्या महिन्यापासून माझ्या नोंदींत अंकांची अदलाबदल होई. ६३ च्या जागी ३६ लिहिले जाई आणि दोन्ही बाजू जुळत नसत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला दाखवून दिले की, शेजारचे दोन अंक उलटे पडले तर येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने पूर्ण भाग जातो, त्यामुळे असा फरक दिसताच आधी उलटलेले अंक शोधावेत. तो नियम मला इतका आवडला की, तो खरा का ठरतो याची मांडणी मी त्याच रात्री करून पाहिली. नियमाने मला जेवढे खिळवून ठेवले, त्याच्या दहाव्या हिश्शानेही त्या वह्यांनी कधी ठेवले नाही. ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही. आपण निष्काळजी आहोत एवढाच अर्थ मी काढला आणि अधिक मेहनत करत राहिले.

त्यानंतर दोन वर्षे विक्री आणि दोन वर्षे प्रशिक्षण विभाग, असे माझे फिरणे झाले. विक्रीत अनोळखी माणसाशी दिवसभर बोलून संध्याकाळी मी पार रिकामी होऊन जाई. प्रशिक्षणात विषय समजावून सांगणे जमे, पण तीच मांडणी दहाव्यांदा करताना माझे लक्ष समोरच्या माणसांवरून उडे. दोन्ही ठिकाणी वरिष्ठ समाधानी होते, हे नमूद केले पाहिजे. काम बरे होत असूनही आपण त्यासाठी घडलेलो नाही असे वाटणे, ही अवस्था अपयशापेक्षा जास्त गोंधळात टाकते, कारण तक्रार करायला हाताशी पुरावा नसतो.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट सतत घडत होती आणि ती मी हिशेबात धरलीच नव्हती. प्रत्येक कार्यालयात लोक बिघडलेल्या वस्तू माझ्या टेबलावर आणून ठेवत: मनगटी घड्याळ, टपालाचा काटा, अडकलेला स्टेपलर, चष्म्याचा सुटलेला स्क्रू. मी त्या जेवणाच्या सुटीत खोलून बघे. एखादे दात झिजलेले चक्र हातात न घेताही ते कुठे अडत असेल हे मला मनातल्या मनात फिरवून दिसे. हे सर्वांनाच दिसत असणार अशी माझी प्रामाणिक समजूत होती. जे आपल्याला सायासाशिवाय येते त्याला आपण गुण म्हणून मोजत नाही, आणि जे घाम गाळून कसेबसे जमते त्यालाच करिअर समजून चिकटून राहतो. माझी नऊ वर्षे अशीच गेली.

एकदा कारखाना विभागातील एका सहकाऱ्याने काटा अडखळणारा डायल गेज आणून दिला. या गेजमध्ये खालची दांडी वर सरकली की तिच्यावरचे दाते एका लहान चक्राला फिरवतात, ते पुढच्या चक्रांना फिरवते आणि दांडीची एका मिलिमीटरची हालचाल काट्याचा पूर्ण फेरा होते. तबकडीवरचा प्रत्येक भाग ०.०१ मिलिमीटरचा असतो. आत केसासारखी एक नाजूक कमान असते. ती चक्रांचे दाते कायम एकाच बाजूला टेकवून धरते, म्हणजे दात्यांमधली सैल जागा मापात उतरत नाही. त्या कमानीचे काम माझ्या लक्षात आले तेव्हा मी किती वेळ बसले होते हे मला आठवत नाही. नऊ वर्षांत घड्याळाकडे न पाहता गेलेली ती पहिली संध्याकाळ होती.

त्या संध्याकाळनंतर मी या विषयावरचे मिळेल ते वाचू लागले, आणि माझा गोंधळ नेमका कुठे होता हे मला लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून कळले. त्यांनी १९३८ मध्ये मांडले की बुद्धी ही एकसंध वस्तू मानण्याऐवजी तिच्यात सात प्राथमिक क्षमता वेगळ्या ओळखता येतात. त्यांत आकृती मनात फिरवून पाहण्याची क्षमता वेगळी आहे, आकडेमोडीची वेगळी आहे आणि दोन नोंदींतला बारीक फरक झटकन टिपण्याची वेगळी आहे. शाळेतल्या 'गणित' या एका शब्दाखाली या सगळ्या एकत्र बांधल्या गेल्या होत्या. मला गुण मिळत होते ते भूमितीमुळे आणि तर्कामुळे. हिशेबाचे काम मागत होते ते नोंदी टिपणारा डोळा. विषयाचे नाव सारखे असले तरी दिवसभर करायची कृती वेगळी होती. म्हणूनच आता कोणी 'मी कोणते क्षेत्र निवडू?' असे विचारले की मी क्षेत्राबद्दल बोलत नाही. त्या कामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात, डोळे आणि जीभ नेमके काय करतात हे आधी बघून या, असे सांगते.

नोकरी मी लगेच सोडली नाही. पोटापाण्याचा प्रश्न बाजूला सारून मनाचा कौल घ्या, असा सल्ला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. सलग दोन वर्षे मी संध्याकाळी एका निवृत्त तंत्रज्ञांकडे काम शिकले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. ते फारसे बोलत नसत. तीन महिन्यांनी त्यांनी मला एकच वाक्य ऐकवले, "तुझा हात स्क्रूला घाई करत नाही." इतकी वर्षे मिळालेल्या कोणत्याही वार्षिक मूल्यमापनापेक्षा ते वाक्य मला जास्त उपयोगी पडले, कारण त्यात माझ्या स्वभावाचे वर्णन नव्हते, हाताने केलेल्या कृतीचे होते.

व्यवसाय सुरू झाल्यावर चौथ्या वर्षी मदतनीस घ्यायची वेळ आली आणि जी चूक माझ्या बाबतीत झाली होती तीच मी दुसऱ्यांच्या बाबतीत करू लागले. मुलाखतीत नीट बोलणाऱ्या उमेदवारांना मी घेतले. त्यानंतर मी व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली आणली. तिचे निष्कर्ष वाचून प्रत्येकजण 'अगदी मीच' असे म्हणे, पण कामात त्याचा काही उपयोग दिसेना. याचे कारण पुढे समजले. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी देऊन प्रत्येकाला त्याचे म्हणून एक व्यक्तिवर्णन दिले आणि ते कितपत अचूक आहे ते पाचपैकी गुण देऊन सांगायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सर्वांना दिलेला मजकूर एकच होता. स्वतःच्या गुणांचा शोध घेणारा माणूस कोणत्याही मोघम स्तुतीत स्वतःला ओळखतो, कारण तो ओळखले जाण्यासाठी आसुसलेला असतो. मीही तशीच आसुसलेली होते, म्हणून मला याचे दुःख अधिक वाटले.

ती प्रश्नावली आम्ही बंद केली आणि एक फळी तयार केली. जॉन्सन ओ'कॉनर यांनी १९२० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कामगारांना योग्य काम देण्यासाठी चाचण्या बनवायला सुरुवात केली. त्यांतल्या एका चाचणीत १०० भोके असलेल्या फळीवर प्रत्येक भोकात बोटांनी तीन-तीन बारीक पिना बसवायच्या असतात, तर दुसरीत चिमट्याने एकेक. आमच्या फळीवर आम्ही हे दोन्ही प्रकार करून पाहिले. बोटांनी भराभर पिना बसवणारा माणूस चिमटा हातात घेतल्यावर अडखळतो, असे आम्हाला अनेकदा दिसले. केसकमान जुळवण्याचे काम चिमट्याचे आहे, हे लक्षात आल्यावर आमच्या निवडीत मोठा फरक पडला.

पण फळीनेही आम्हाला एकदा चुकवले. एक तरुण चिमट्याच्या चाचणीत माझ्यापेक्षाही जलद होता. आठ महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. आमच्या कामात मापे २० अंश सेल्सिअस या प्रमाण तापमानाला घ्यावी लागतात, कारण एक मीटर लांबीचे पोलाद एका अंशाला साधारण ११.५ मायक्रोमीटर (म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते. त्यामुळे उपकरण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हात न लावता थांबावे लागते. त्याला ते थांबणे असह्य होत होते. निघताना तो म्हणाला, "काम मला जमतं, पण दिवस जात नाही." मला माझी विक्रीतली दोन वर्षे आठवली आणि मी त्याला अडवले नाही. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ पासून मांडलेल्या सिद्धांतात माणसांच्या आवडी आणि कामाची वातावरणे सहा प्रकारांत जुळवून पाहिली जातात. आम्ही फक्त क्षमता पाहत होतो. ती ज्या वातावरणात रोज वापरायची ते त्या माणसाला मानवते का, हे विचारायचे राहून गेले होते.

तेव्हापासून आम्ही नव्या माणसाला तीन आठवडे, पूर्ण पगार देऊन, तीन वेगवेगळ्या टेबलांवर बसवतो: दुरुस्ती, मापन आणि नोंदी. रोज संध्याकाळी दोनच प्रश्न विचारतो. आज कोणते काम संपूच नये असे वाटले, आणि न सांगता तुम्ही काय केले? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मला जास्त विश्वासार्ह वाटतात. एकाने न सांगता हत्यारांचा खण लावला होता, तर दुसऱ्याने ग्राहकाला फोन करून उपकरण कसे पडले ते विचारून घेतले होते; तो आज आमचे सर्व ग्राहक सांभाळतो.

चार वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी आलेली एक मुलगी पहिल्या आठवड्यात रडवेली झाली होती. चिमटा तिच्या हातात थरथरे. तिसऱ्या आठवड्यात नोंदींच्या टेबलावर तिने, कोणीही न सांगता, मागच्या तीन महिन्यांची प्रमाणपत्रे मूळ नोंदींशी ताडून पाहिली आणि चार चुका शोधल्या. आता प्रमाणपत्रे आणि हिशेब दोन्ही तिच्याकडे आहेत. गेल्या महिन्यात मी घाईत लिहिलेली एक नोंद घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, फरक २७ चा येतोय, म्हणजे कुठेतरी अंक उलटे पडलेत." मी पान उलटण्याच्या आतच तिने त्या ओळीवर बोट ठेवले होते.