खामगावचा फोन, अहमदाबादचं कोर्ट आणि फर्स्ट इयर लॉ

सीईटीचे निकाल लागले की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो, ताई बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करायचंय, पुण्यातलं कुठलं कॉलेज खरंच इंटरनॅशनल आहे? विचारणारी कधी मुलं असतात, कधी त्यांचे आईबाबा, एका आजोबांनी तर फोनवर ब्रोशरमधली परदेशी विद्यापीठांची अख्खी यादी वाचून दाखवली आणि म्हणाले, यातलं काय बघायचं ते सांग. तर प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. लॉ स्कूल आंतरराष्ट्रीय आहे का हे फर्स्ट इयरच्या कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे करार कायद्याच्या, तासाला कळतं. किती परदेशी विद्यापीठांशी करार झालेत, एक्स्चेंजला कोण गेलं, व्हिएन्नाच्या मूटला, म्हणजे नकली खटला लढवायच्या स्पर्धेला, टीम जाते का, हे सगळं चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पण ते वर्गातल्या मोजक्या मुलांपर्यंत पोचतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, तिथलं राहणं, हा खर्च ज्यांच्या घरी झेपतो ती मुलं जातात. बाकीच्यांना जे काही जग बघायला मिळणार ते सकाळच्या लेक्चरमध्येच.

म्हणजे नेमकं काय ते एका केसवरून सांगते, मला ही केस फार आवडते. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल, सुप्रीम कोर्टाची, एआयआर या निकालसंग्रहाच्या १९६६ च्या खंडातली. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने ट्रंक कॉल करून खामगावच्या जिनिंग फॅक्टरीला सरकी ढेप विकत घेण्याची ऑफर दिली, खामगावहून फोनवरच हो म्हटलं गेलं, पुढे माल काही आला नाही म्हणून अहमदाबादच्या व्यापाऱ्याने तिथल्याच सिटी सिव्हिल कोर्टात दावा लावला. खामगाववाले म्हणाले, आम्ही होकार इथून दिला, म्हणजे करार इथे झाला, तुमच्या कोर्टाला अधिकारच नाही. आता करार झाला कुठे? जिथे हो म्हटलं तिथे, की जिथे ते हो ऐकू आलं तिथे?

दोन न्यायमूर्ती म्हणाले, फोनवरचं बोलणं समोरासमोर बसून बोलल्यासारखंच, होकार ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबाद. हे म्हणताना त्यांनी इंग्लंडची १९५५ ची एंटोरेस केस घेतली, त्यात लंडन आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये टेलेक्सवर, म्हणजे तारेवरून टाइप करून पाठवलेल्या संदेशांवर, सौदा झाला होता. तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला मात्र वेगळं म्हणाले, की आपला कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ चा आहे, त्याच्या सेक्शन ४ मध्ये शब्द स्पष्ट आहेत, होकार एकदा पाठवला आणि तो परत घेणं आपल्या हातात राहिलं नाही की ऑफर देणारा बांधला गेला, मग इंग्लंडकडे बघायचं कशाला, करार खामगावला झाला.

ही केस दोन पद्धतींनी शिकवता येते. एक म्हणजे फॅक्ट्स, इश्यू, जजमेंट डिक्टेट करायचं, परीक्षेत दहा मार्कांना येतं, संपलं. दुसरी म्हणजे वर्गाला विचारायचं की हिदायतुल्लांचं बरोबर वाटतं का, मग इंग्लंडचा नियम, मग आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार काढायचा, ज्याला सगळे सीआयएसजी म्हणतात, त्यात होकार ऑफर देणाऱ्यापर्यंत पोचला की लागू होतो, पत्र असो नाहीतर काहीही. आणि मग विचारायचं की चाकणच्या कारखान्याने जर्मनीच्या कंपनीला ईमेलवर हो कळवलं तर काय? भारत या कराराचा सदस्य नाही हे खरं, पण दोघांनी जर्मन कायदा लागू असं कलम टाकलं असेल आणि सीआयएसजी वगळतो असं कुठे लिहिलं नसेल तर तो लागू होतो, कारण जर्मनी सदस्य आहे. पुण्याजवळच्या कारखान्याचा प्रश्न आणि उत्तर व्हिएन्नाच्या करारात, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच वर्षी दिसलं की त्याचं कायद्याकडे बघणंच बदलतं, माझं बदललं. आपला सेक्शन हा एका प्रश्नाचं एक उत्तर आहे, दुसऱ्यांनी दुसरं दिलंय आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत, हे तेव्हा कळलं.

आमच्या वर्गात विदर्भातला एक जण होता, मराठी मीडियमचा, सुरुवातीला तोंडच उघडायचा नाही. या केसच्या दिवशी तो उठून बोलला, कारण ढेपेचा व्यापार त्याने घरात बघितला होता, सौदा फोनवर कसा होतो, भाव फिरला की माणसं शब्द कशी फिरवतात, सगळं. अर्धं मराठीत बोलला आणि सरांनी बोलू दिलं. तो तास मला आजही आठवतो. जगाकडे बघणाऱ्या लॉ स्कूलमध्ये मराठीत विचार मांडायला लाज वाटता कामा नये असं मला मनापासून वाटतं, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं ते ठीक, पण उद्या शिवाजीनगर कोर्टात उभं राहिल्यावर साक्षीदार मराठीतच बोलणार आहे, सातबारा आणि फेरफार मराठीतच असणार आहेत.

काही पालक म्हणतात हे बाहेरचे कायदे मुलांना करायचेत काय, प्रॅक्टिस तर इथेच करायची. त्यांना मी विशाखा केस सांगते. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर ही याचिका झाली, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता, तर सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये सीडॉ हा महिलांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, जो भारताने १९९३ मध्ये मान्य केला होता, त्याचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. २०१३ चा कायदा त्यातूनच आला. आज हिंजवडीत किंवा खराडीत दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती लागते ती या रस्त्याने आलेली आहे. बाहेरचा कायदा आपल्या ऑफिसात पोचलेलाच आहे, तो वाचता यायला हवा एवढंच.

आणि अजून एक, पाठांतर किती टिकतं ते आपण सगळ्यांनी बघितलं. १ जुलै २०२४ ला आयपीसी, म्हणजे जुना भारतीय दंड विधान कायदा, गेला, भारतीय न्याय संहिता आली, खुनाचा ३०२ होता तो १०३ झाला, फसवणुकीचा ४२० आता ३१८ मध्ये गेला. माझ्या ओळखीतली जी मुलं तेव्हा मधल्या वर्षांना होती त्यातली नंबर घोकलेली फार घाबरली होती. ज्यांना खून आणि सदोष मनुष्यवध यात फरक का करतात हे कुणीतरी नीट समजावलं होतं त्यांनी जुन्या-नव्याचा तक्ता शेजारी ठेवून काम सुरू केलं.

पुण्यात हे शिकायला वातावरण आहे. आयएलएस लॉ कॉलेज १९२४ चं, एका अख्ख्या रस्त्याला लॉ कॉलेज रोड नाव पडलं, मागे टेकडी. सिम्बायोसिसची सुरुवातच १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना आपलं वाटावं म्हणून डॉ. शां. ब. मुजुमदारांनी केली, लॉ स्कूल १९७७ चं. भारती विद्यापीठ आहे, डीईएसचं म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं आहे, अजून बरीच आहेत. नावं घेऊन एक दोन तीन नंबर मी लावणार नाही, कारण एकाच कॉलेजात एक प्रोफेसर वर्ग पेटवतात आणि शेजारच्या वर्गात नोट्स डिक्टेट होत असतात.

एक्स्चेंजबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत लॉ ग्रॅज्युएशननंतर करतात, तीन वर्षांची जेडी नावाची पदवी, त्यामुळे तिथे गेलात तर वर्गात तुमच्यापेक्षा मोठी माणसं असतील. इंग्लंडमध्ये एलएलबी शाळेनंतर लगेच, तीन वर्षांचं. आपला पाच वर्षांचा बीए एलएलबीचा साचा बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने देशभर रूढ केला, माधव मेनन सरांचं ते काम. जाण्याआधी तिथले क्रेडिट इथे धरले जाणार का ते लेखी घ्या, तोंडी नको.

कॉलेज बघायला जाल तेव्हा अ‍ॅडमिशन काउंटरवर थांबू नका. थर्ड इयरची मुलं कॅन्टीनला गाठा आणि विचारा, कॉन्ट्रॅक्ट कोण शिकवतं, तासाला पूर्ण जजमेंट वाचायला देतात का, त्यातलं मायनॉरिटी मत, म्हणजे बहुमताच्या विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींचं मत, वाचायला लावतात का. लायब्ररीत परदेशी जर्नल्सचा डेटाबेस आहे का आणि तो घरून उघडतो का, कारण हॉस्टेल न परवडणारी मुलं रोज कात्रजहून नाहीतर चिंचवडहून येतात, रात्री लायब्ररीत बसू शकत नाहीत. मूटच्या टीमचा खर्च कॉलेज उचलतं की मुलांवर टाकतं. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारं लीगल एड क्लिनिक फक्त फोटोपुरतं की मुलं खरंच अर्ज लिहून देतात. बार कौन्सिलच्या नियमाने पाच वर्षांच्या कोर्सला किमान वीस आठवडे इंटर्नशिप लागतेच, ती मिळवून द्यायला कॉलेज मदत करतं का की प्रत्येकाने आपापल्या ओळखीने शोधायची, कारण ज्याच्या घरात कुणीच वकील नाही त्याच्यासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, तारखा सीईटी सेलच्या साइटवरच बघा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर जाऊ नका. आणि केडियाचं जजमेंट नेटवर फुकट मिळतं, अ‍ॅडमिशनची वाट बघताय तोवर वाचून काढा, हिदायतुल्लांचा भाग तर नक्कीच, आणि तुम्हाला खामगाव वाटतं की अहमदाबाद ते मला खाली लिहून कळवा.