ऑफिसच्या मशीनवर प्राइम ९५ का पडत होतं: उन्हाळ्याच्या नोंदी

ज्या संगणकावर मी दिवसा जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग काढते, त्याच संगणकावर रात्री प्राइम ९५ हा मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम चालतं. साहेबांची रीतसर परवानगी आहे, तीही मेलवर: सातनंतर सुरू करायचं, सकाळी लोक यायच्या आत बंद. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं छोटं डिझाइन ऑफिस, आठ कोअरचा प्रोसेसर, १६-१६ जीबीच्या दोन रॅम स्टिक. मर्सेन मूळ संख्यांच्या (२ चा घातांक घेऊन १ वजा केल्यावर येणाऱ्या मूळ संख्यांच्या) सामूहिक शोधात, म्हणजे गिम्प्समध्ये, अशा मशीनला भरपूर काम मिळतं.

मार्चअखेरपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सकाळी येऊन बघावं तर कधी प्रोग्रॅमची खिडकीच गायब, कधी मशीनच नव्याने चालू होऊन लॉगिनचा पडदा दाखवत बसलेलं. दिवसा मात्र सॉलिड मॉडेलिंगचं जड काम बिनतक्रार. आपल्यातले बरेच जण ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवरच हा छंद करतात आणि तिथे मनाला येईल ते उघडून बघता येत नाही. म्हणून कोणत्या क्रमाने गेले ते सविस्तर लिहिते.

सुरुवात रात्रींच्या वर्गवारीने केली. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम लॉगमध्ये १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर मशीन कुणाच्या तरी सांगण्यावरून, रीतसर, पुन्हा सुरू झालेलं असतं. ऑफिसच्या अपडेटच्या वेळापत्रकामुळे गेलेल्या अशा रात्री निघाल्याच. त्या तपासातून बाजूला काढल्या. उरलेल्यांत ४१ क्रमांकाची नोंद होती. तिच्यावर मात्र फार विसंबू नये. ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेलं. वीज गेली की मशीन गोठलं, हे तिच्यावरून नक्की कळत नाही. ४१ दिसली की लोक सरळ एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला निघतात, ते थांबवावं. तिच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने हार्डवेअरची तक्रार नोंदलेली आहे का, ते आधी बघावं. माझ्याकडे ती नव्हती. तिसरा गट होता मशीन शाबूत आणि प्रोग्रॅम तेवढा गेलेला, असा. त्या रात्रींचा माग अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये मिळाला: प्रोग्रॅमने मेमरीच्या भलत्याच पत्त्यावर हात घातला म्हणून विंडोजने त्याला बंद केलं.

इथे मी सगळ्यात जास्त भर देते तो प्रश्न येतो. प्रोग्रॅम दर वेळी एकाच जागी पडतो, की जागा बदलत राहते?

याच दिवसांत पारी-जीपी या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्येही एक काम अडलं होतं, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघायला मिळाले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत, माझ्या घरापासून हे काही लांब नाही, आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर काहीतरी चालवत राहणं ही माझी जुनी आवड. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ९१ अधिक ९ अधिक १ म्हणजे १०१, म्हणून ९१ हा १०१ चा जनक. पण १०० अधिक १ म्हणजेही १०१. दोन जनक असलेली ही सगळ्यात लहान संख्या. उलट २० ला एकही जनक नाही, म्हणून ती स्वयंभू. एक कोटीपर्यंतच्या प्रत्येक संख्येला किती जनक आहेत याचा तक्ता करायला घेतला, तर जीपी दर वेळी तक्ता तयार करायच्या ओळीवरच थांबायचं. स्टॅक, म्हणजे कामासाठी राखलेली मेमरी, पुरत नाही, हा त्याचा संदेश. संगणक बदलला, तरी तीच ओळ.

हे सॉफ्टवेअरच्या मर्यादेचं लक्षण, आणि हिशेब कागदावर मांडता येतो. ६४ बिटच्या जीपीमध्ये साध्या सदिशातला प्रत्येक छोटा पूर्णांक २४ बाइट घेतो, वर त्याकडे बोट दाखवणारे ८ बाइट. एक कोटी नोंदींना ३२ कोटी बाइट झाले, आणि स्टॅक सुरुवातीला ८ एमबीचा. व्हेकस्मॉल, म्हणजे फक्त छोट्या पूर्णांकांचा सदिश, वापरलं की नोंदीला ८ बाइटच लागतात, म्हणजे ८ कोटी. तो बदल केला, स्टॅकची कमाल मर्यादा ठरवणारं पारीसाइझमॅक्स ४ जीबीवर नेऊन ठेवलं, तक्ता झाला. विषय संपला.

प्राइम ९५ चं तसं नव्हतं. तोच घातांक, तीच सेव्ह फाइल, पण एका रात्री मध्यरात्रीच्या आधीच पडायचं तर दुसऱ्या रात्री थेट पहाटे. त्याच आकड्यांवर तीच आकडेमोड करताना जागा बदलते, तेव्हा संशय आकडेमोड करणाऱ्या यंत्रावर घ्यायचा.

ऑफिसचे संगणक सांभाळणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, तो प्रोग्रॅमच बेकार असेल. काढून टाका, दिवसा तर काही होत नाही."

त्याला म्हटलं, "अरे, दिवसा होत असेल तरी दिसणार नाही."

मग त्याला नीट समजावलं, कारण कॅबिनेट उघडायची परवानगी त्याच्याच हातात होती. बारा कोटींच्या आसपासचा घातांक तपासायचा म्हणजे बारा कोटी बिटांच्या संख्येचा एकामागून एक बारा कोटी वेळा वर्ग करायचा. प्रत्येक वर्ग एफएफटीने (प्रचंड संख्यांचा गुणाकार झटपट करायच्या पद्धतीने) होतो आणि त्यासाठीचे दशांश आकडे सुमारे ५० एमबी जागा घेतात. प्रोसेसरच्या १६ एमबी कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्याच छोट्या मेमरीत, ते मावत नाहीत, त्यामुळे रॅमकडे अखंड ये-जा चालू राहते. त्यातला एक बिट फिरला की पुढचं सगळं उत्तर गेलं. ड्रॉइंगच्या कामात तोच बिट पडद्यावरच्या एखाद्या ठिपक्याचा रंग असू शकतो. कुणाला कळायचंही नाही. किंवा तो एखाद्या मापाचा आकडा असू शकतो. हे ऐकल्यावर तो गंभीर झाला.

संख्यांच्या नादी लागलेल्या माणसांनी यंत्राचे दोष पकडल्याचा इतिहासच आहे. १९९४ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. आकडे जुळेनात. त्यांनी एकेक शक्यता बाद करत माग काढला तो थेट पेंटियमच्या भागाकारापर्यंत: भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या पाच नोंदी गाळल्या गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यावर १.३३३८२ यायला हवं, तिथे १.३३३७३ येत होतं. चिपा बदलून देण्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. २०१६ च्या जानेवारीत स्कायलेक प्रोसेसर ठरावीक आकडेमोडीत गोठतात हे इंटेलने मान्य केलं, तेही प्राइम ९५ चालवणाऱ्यांनीच आधी दाखवून दिलं होतं, आणि बायोस अपडेटने ते दुरुस्त झालं. नाइसलींनी ज्या धीराने आपला प्रोग्रॅम, कंपायलर, मदरबोर्ड असं एकेक बाजूला काढलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. आपल्या तपासाला तोच कित्ता.

आता पुरावा. प्राइम ९५ च्या जुन्या नोंदींत, प्रोग्रॅम न पडलेल्या रात्रींतही, गेर्बिट्स तपासणीत आकडे जुळले नसल्याच्या आणि मागच्या खात्रीच्या पायरीवर परत गेल्याच्या ओळी सापडल्या. रॉबर्ट गेर्बिट्स यांची ही युक्ती मला या छंदातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पीआरपी चाचणीत, म्हणजे संख्या बहुधा मूळ आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत, नुसते वर्गच करत जायचं असतं. दर हजाराव्या पायरीवरचा आकडा घेऊन त्यांचा एक गुणाकार सांभाळत जायचा. मग त्या जुन्या गुणाकाराचा हजार वेळा वर्ग करून सुरुवातीच्या आकड्याने गुणलं, की एक घर पुढचा गुणाकार यायलाच हवा, कारण साखळीतला प्रत्येक आकडा हजार पायऱ्यांनी पुढे सरकलेला असतो. दहा लाख पायऱ्यांमागे एकदा ही पडताळणी करायची. जास्तीचं काम साधारण ०.२ टक्के, आणि त्यातून चूक निसटणं जवळजवळ अशक्य.

म्हणजे क्रॅश हे आजाराचं एक टोक होतं. बिट आकड्यात फिरला तर तपासणीत पकडला जात होता, पत्त्यात फिरला तर प्रोग्रॅम पडत होता, आणि विंडोजच्याच एखाद्या नाजूक जागी फिरला तर मशीन जात होतं. कारण बहुधा एकच. या मशीनमध्ये ईसीसी रॅम नाही. ती असती तर ६४ बिटांमागच्या ८ जादा बिटांनी एकेरी चूक जागेवरच दुरुस्त केली असती.

पुढे प्राइम ९५ मधलीच टॉर्चर टेस्ट, म्हणजे मशीनवर मुद्दाम भार टाकणारी चाचणी. तिचे पर्याय का वेगळे आहेत ते ध्यानात घेतलं तर निम्मं निदान तिथेच होतं. स्मॉल एफएफटी कॅशमध्येच घोळत राहते, म्हणून प्रोसेसर आणि त्याचं थंड होणं तपासते. लार्ज एफएफटी रॅम आणि तिच्या कंट्रोलरवर भार टाकते. स्मॉलवर प्रोसेसर ९० अंशांच्या आसपास गेला, पंखा किंचाळला, पण रात्रभर एकही चूक नाही. लार्ज लावल्यावर राउंडिंगची चूक आली: ०.४ च्या आत हवं ते ०.५ झालेलं. दशांश आकडा पूर्णांकाजवळ असायला हवा, तो बरोबर अध्येमध्ये लटकला, याचा अर्थ गणितात कचरा शिरला.

प्रोसेसर सुटला, रॅम उरली. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर लावलं आणि सकाळी पडदा स्वच्छ, एकही चूक नाही. पुष्कळ जण इथे रॅमला निर्दोष ठरवून पुढे जातात. मला एक गोष्ट खटकत होती. मार्चअखेरपर्यंत हेच मशीन धड होतं, आणि आमच्याकडे संध्याकाळी एसी बंद करतात. मेमटेस्ट कॅबिनेटची बाजू उघडी असताना लावलं होतं; प्राइम ९५ मात्र बंद कॅबिनेटमध्ये, तापलेल्या खोलीत, प्रोसेसरची गरम हवा शेजारच्या स्टिकवर फेकत चालतं.

डीरॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळत राहतो, म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. उष्णतेबरोबर गळती वाढते. ८५ अंशांच्या वर दुप्पट वेगाने भरायचं, असा डीडीआर४ चा नियमच आहे. एखादा बिट मुळात कमजोर असेल तर त्याच्या खूप आधीच तो दगा देतो.

मग शनिवारी दुपारी, एसी बंद, कॅबिनेट बंद. आधी लार्ज एफएफटीने मशीन चांगलं तापवलं आणि लगेच मेमटेस्ट सुरू केलं. वर्कशॉपमधला इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. झाकण उघडून पटकन धरला तर प्रोसेसरलगतची स्टिक दुसरीपेक्षा स्पष्ट गरम. (तो चिपच्या काळ्या पाठीवर धरावा, चकचकीत धातूवर आकडा खोटा कमी येतो.) थोड्याच वेळात लाल ओळी आल्या. पत्ता तोच, बिट तोच, १ हवा तिथे ०. दोन्ही स्टिकच्या जागांची अदलाबदल केली आणि मुद्दाम पुन्हा तापवलं. चूक स्टिकबरोबर गेली, म्हणजे स्लॉट निर्दोष. मग ती स्टिक एकटी लावली: चूक आहे. दुसरी एकटी लावली, तीही त्याच गरम जागी: काही नाही. ऑफिसचे संगणक सांभाळणारा तो मुलगा शेजारी उभा राहून प्रत्येक पायरी वहीत लिहून घेत होता.

वाईट स्टिक वॉरंटीत बदलायला गेली आहे. कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरने काढली, थर्मल पेस्ट नवी लावली, मागचा पंखा सुरू नव्हता तो बदलला. सध्या मशीन एकाच स्टिकवर, म्हणजे एकाच चॅनेलवर चालतंय. रॅमचा वेग अर्धा झाल्यामुळे प्रत्येक वर्गाला लागणारा वेळ बराच वाढला आहे. या प्रोग्रॅमला कोअरपेक्षा रॅमचा वेग किती लागतो ते यातून स्वच्छ दिसतं. ऐन मे महिन्यात, एसीशिवाय, गेर्बिट्सची एकही तक्रार नाही.

राहिला प्रश्न या काळात पाठवलेल्या निकालांचा. पीआरपीचे निकाल मी तसेच ठेवते आहे: गेर्बिट्स तपासणीतून गेल्याशिवाय ते पूर्णच होत नाहीत, आणि सोबतच्या प्रूफ फाइलवरून दुसऱ्या कुणाचं तरी मशीन त्यांची शहानिशा करतं. पी-१ चं, म्हणजे पीआरपीच्या आधी संख्येचा एखादा घटक शोधून बघण्याच्या पद्धतीचं, तसं नाही. तिथे एवढी भक्कम तपासणी नाही, आणि दुसरा टप्पा मिळेल तेवढी रॅम व्यापतो, म्हणजे कमजोर बिट वापरात येण्याची शक्यता तिथेच जास्त. खोटा घटक येत नाही, कारण सापडलेला घटक भागून पाहता येतो. पण असलेला घटक हुकू शकतो, आणि मग त्या घातांकावर कुणाचं तरी मशीन विनाकारण दिवसेंदिवस पीआरपी करत बसतं. म्हणून एप्रिलपासूनचे "घटक नाही" म्हणून पाठवलेले सगळे घातांक काढून त्याच मर्यादांनी पुन्हा लावले आहेत. १६ जीबीत दुसरा टप्पा हळू जातो, पण नव्या स्टिकसाठी थांबलेले नाही. यादीतला पहिला घातांक आज रात्री दुसऱ्या टप्प्यात शिरेल.