नुसतं बॅड म्हणून भागत नाही

माझ्याकडं स्पोकन इंग्लिशला येणारी पोरं बहुतेक बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी मीडियममधनं शिकलेली. वाईट गोष्टीला इंग्लिशमध्ये त्यांच्याकडं दोनच शब्द, बॅड आणि डर्टी. दूध नासलं बॅड, तेल खवट झालं बॅड, कपडे कुबट मारायला लागले तरी बॅड स्मेल. आणि जी रील्स बघून शिकलीत ती दिसेल त्याला ग्रॉस नाहीतर हॉरिबल म्हणून मोकळी होतात. मला हे फार लागतं, कारण हीच पोरं घरात बोलताना किती बारीक बोलतात बघा की, आमटी विटली, भात आंबला, खोबरं खवट लागतंय, भाकरी शिळी आहे, यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी कुणी चुकूनसुद्धा घालत नाही. म्हणजे नाक आणि जीभ तयारच आहे, इंग्लिश शब्द फक्त त्या त्या जागी नेऊन बसवायचा राहिलाय.

खवटपणा कशाला येतो? तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं. यातल्या स्निग्ध भागाला हवा लागून तो बिघडतो, आणि इंग्लिशमधला रॅन्सिड हा शब्द पण बरोबर तिथंच लागतो. भाताला कुणी रॅन्सिड म्हणत नाही जसं आपण भाताला खवट म्हणत नाही. ब्रेड, बिस्किट, चिप्स शिळे पडले की स्टेल, बुरशी आली की मोल्डी, अंडं किंवा फळ सडलं तर रॉटन, दूध नासलं की सावर किंवा नुसतंच ऑफ. हा ऑफ शब्द इंग्रज लोक घरात सर्रास वापरतात, द मिल्क इज ऑफ, पण आपल्या पाठ्यपुस्तकात तो मला तरी कधी दिसला नाही.

मस्टी तर आपल्याकडच्या पोरांना सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला मस्टी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, गादी, गोधडी, कपाटातल्या वह्या, चार दिवस न वाळलेला शर्ट, सगळ्याला तोच कुबट वास. आमच्या भागातली कितीतरी पोरं चोर्ला घाटातनं गोव्याला हॉटेलात कामाला जातात, तिथं पाहुणा म्हणाला की द रूम स्मेल्स मस्टी, तर पोरानं खिडक्या उघडायच्या, चादरी बदलायच्या, आणि तोच जर द बाथरूम स्टिंक्स म्हणाला तर धुवायला घ्यायचं. बॅड स्मेल एवढंच कळणारा पोरगा दोन्ही वेळेला स्प्रे मारून येणार आणि पाहुणा परत फोन करणार.

मग येतात मोठे शब्द. ऑफुल, टेरिबल, हॉरिबल. यांच्या आधी व्हेरी लावू नका, जोर त्यांच्यात आधीच भरलेला आहे, लावायचंच तर रिअली किंवा ॲब्सोल्यूटली लावा. डिस्गस्टिंग आणि डिस्गस्टेड मध्ये तर पोरं कायम अडकतात, आय ॲम डिस्गस्टिंग म्हणजे मीच किळसवाणा आहे असं होतं, आपल्याला म्हणायचं असतं मला किळस आली. आणि टेरिबली सॉरी, ऑफुली नाइस ऐकून गोंधळायचं काही कारण नाही, आपण भयंकर छान म्हणतोच की. टेरिफिक तर मूळचा भीतीचाच शब्द, आता तो पूर्ण शाबासकीचा झालाय.

हॉररचं मूळ लॅटिनमध्ये अंगावर केस उभे राहणं असं आहे, आणि संस्कृतातला हर्ष त्याच जुन्या मुळातनं आलेला मानतात, आपल्या रोमहर्षक मध्ये तो अजून दिसतो. एका घरातनं निघालेले दोन शब्द, एक भीतीकडं गेला एक आनंदाकडं, मला हे फार आवडतं.

असंच आपल्या दाराशी पण घडतं. आपण असह्य म्हणतो म्हणजे ऊन, दुखणं, सहन होत नाही असं. कन्नडमध्ये असह्य म्हणजे किळसवाणं. त्यामुळं वर्गात कन्नड घरातली मुलगी असह्य साठी डिस्गस्टिंग लिहिते आणि मराठी घरातला मुलगा अनबेअरेबल लिहितो, आणि दोघांचं बरोबर असतं! अशा वेळी मी दोघांनाही पूर्ण मार्क देते आणि मग दोन्ही शब्द फळ्यावर लिहून दोघांकडनं वाक्यं करून घेते.

दुखण्याचं मात्र मला सगळ्यात गरजेचं वाटतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजायची एक प्रश्नावली काढली, त्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत, पेशंटनं कुठला शब्द निवडला यावरनं डॉक्टरला दुखण्याचा अंदाज येतो. आपल्याकडं तर हे शब्द रोजच्या तोंडात आहेत. दाढ ठसठसते म्हणजे थ्रॉबिंग, पाठीत चमक मारते म्हणजे शूटिंग, पोटात मुरडा येतो म्हणजे क्रॅम्पिंग, जळजळ म्हणजे बर्निंग. डॉक्टर बाहेरच्या राज्यातला असला, ना मराठी ना कन्नड, तर मधली भाषा इंग्लिशच होते, आणि तिथं बॅड पेन, व्हेरी बॅड पेन एवढंच सांगून म्हाताऱ्या आजीचं दुखणं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून या रविवारी पोरांना काम दिलंय, घरातल्या थोरल्या माणसांना विचारून दुखण्याचे शब्द लिहून आणायचे, मराठी असो कन्नड असो, जसे ते म्हणतात तसेच. इंग्लिश त्याच्यासमोर वर्गात बसवू.