तीन अधिक दोन बरोबर चार

प्रमोशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'एच-इंडेक्स (स्कोपसनुसार)'. स्कोपस म्हणजे संशोधनाचे पेपर आणि त्यांची सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत झालेले त्यांचे उल्लेख, नोंदवणारी ऑनलाइन यादी. आणि आपले जास्तीत जास्त जितके पेपर प्रत्येकी किमान तितक्या वेळा उल्लेखले गेले, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. इतकी वर्षं नर्सिंग शिकवतेय, हा आकडा कुणी विचारला नव्हता. शोधायला बसले तर मी दोन निघाले! एक माहेरच्या आडनावाची, तीन पेपर, एच-इंडेक्स 3. दुसरी सासरच्या आडनावाची, तिचेही तीनच, एच-इंडेक्स 2. आमच्या पेशात बहुतेक बायकाच, त्यामुळे ही वाटणी घरोघरची.

दोन्ही प्रोफाइल एक करायची विनंती स्कोपसकडे ऑनलाइन टाकली. फुकट आहे. (ऑर्किड क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, वेळेवर काढला असता तर हा व्याप वाचला असता.) आमच्या ह्यांना वाटलं, आता पाच होणार. मग कागदावर मांडून दाखवलं. सायटेशन उतरत्या क्रमाने: 11, 9, 6, 4, 3, 2. चौथ्या पेपरला चार आहेत, पाचव्याला पाच हवेत तर तीनच. म्हणून चार. उद्या 11 चे 100 झाले तरी चारच.

तो 11 वाला पेपर म्हणजे एक प्रश्नावली. लोकांना ती आयती मिळते, वापरली की उल्लेख करतात. त्यातले दोन उल्लेख माझेच, लपवून काय करू!

ज्याचा मला अभिमान आहे ते काम बेडसोअरचं. पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, ते रात्रपाळीत नेमकं कुठे चुकतं, यावर. पेपर मुद्दाम इथल्या नर्सिंग जर्नलला दिला, कारण वॉर्डातल्या सिस्टर ते वाचतात. ते जर्नल स्कोपसमध्ये नाही. म्हणजे शून्य सायटेशनसुद्धा नाहीत, पेपरच नाही. पण एका सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टरांनी त्यातला तक्ता लॅमिनेट करून काउंटरवर लावलाय: डावी कूस, पाठ, उजवी कूस, पुढे वेळ आणि सही. कडा उसवल्यात, एका कोपऱ्यावर बीटाडीनचा डाग. पाळी बदलताना ओव्हर घेतात तेव्हा आधी तो बघतात. त्या पेपर लिहीत नाहीत, मग सायटेशन यायचं कुठून?

मुलाखतीत एक सर म्हणाले, "फार्माकॉलॉजीच्या मॅडमचा चौदा आहे." मी म्हटलं, "सर, हा आकडा 2005 मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला, आणि विषयागणिक तो बदलतो हे त्यांनीच लिहून ठेवलंय." सर हसले. "बरोबर आहे मॅडम, पण रकान्यात काहीतरी भरावं लागतं ना."

गुगल स्कॉलरवर, जिथे स्कोपसबाहेरचंही मोजलं जातं, माझा सहा दिसत होता, पण फॉर्मने मागितला होता स्कोपसचा. चारच लिहिला. मागे तक्त्याचा फोटो आणि मेट्रनबाईंचं पत्र जोडलं. क्लार्कने उलटसुलट करून विचारलं, "हे कशात घालू?"

"इतर."

त्या खेपेला झालं नाही. पुढच्या वर्षभरात प्रश्नावल्यांचे आणखी दोन पेपर काढले, स्कोपसमधल्या जर्नलांत, आणि मग ऑर्डर आली. बेडसोअरच्या पुढच्या टप्प्याची फाईल त्या वर्षी उघडलीच नाही.