किओची फळी कुठे मोडली

1876 मध्ये लाकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकन जमातींनी अमेरिकन सैन्याला हरवलं ती रणभूमी म्हणजे लिटल बिगहॉर्न. मोंटानातल्या बिलिंग्ज शहराहून तिथवर तासाभराचा रस्ता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. राग आला तो लास्ट स्टँड हिलवर. गाड्या थांबतात, तिथे मारला गेलेला सेनानी कस्टर याच्या दगडाचा फोटो निघतो, गाड्या सुटतात. कॅप्टन माइल्स किओ पडला तो खोलगट भाग टेकडीमागे, पूर्वेच्या उतारावर आहे. कस्टरची घोडदळाची रेजिमेंट, सेव्हन्थ कॅव्हलरी, कशी कोसळली हे कळतं ते तिथेच, आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

किओ आयर्लंडच्या कार्लो परगण्यातला. 1860 मध्ये इटलीत पोपच्या फौजेत लढला, 1862 मध्ये अमेरिकेत येऊन यादवी युद्धात उतरला, 1866 पासून सेव्हन्थच्या 'आय' कंपनीचा कॅप्टन. 25 जून 1876 ला मेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

उतारावर सावली नाही आणि गवतात रॅटलस्नेक असतात. पाणी घ्या, पायवाट सोडू नका. शिपाई पडले त्या जागा दाखवणारे पांढरे दगड मोजून मेलेल्यांचा हिशोब करू नका. सैन्याने ते 1890 मध्ये बसवले आणि दुसरीकडे लढलेल्या मेजर रीनोच्या तुकडीतल्या मृतांच्या वाट्याचे दगडही इथेच लावून टाकले. जोडीने उभे दोन दगड म्हणजे बऱ्याचदा एकच माणूस.

पायउतार होऊन लढताना दर चौथा शिपाई स्वतःचा आणि इतर तिघांचा घोडा धरून मागे थांबायचा. म्हणजे बंदुका एका फटक्यात पाऊण. त्यात प्रत्येकाच्या कार्बाइनच्या (घोडदळाच्या आखूड बंदुकीच्या) शंभर काडतुसांपैकी निम्मी खोगिराच्या पिशवीत. लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी घोडे बुजवून पळवले, की ती निम्मी गेलीच. स्प्रिंगफील्ड कार्बाइनमध्ये तांब्याचं टरफल अडकायचं, चाकूने उकरून काढावं लागायचं. पण 1983 च्या वणव्यानंतर झालेल्या उत्खननात अशा उकरल्याच्या खुणांची टरफलं थोडीच सापडली. पराभवाचं खापर बंदुकीवर फोडणं मला पटत नाही. घोडे गेले तिथेच फळी मोडली.

किओचा डावा पाय गुडघ्याजवळ गोळीने फुटला होता. त्याच्या कोमांची घोड्यालाही तीच गोळी लागली असावी, असं मानतात. कोमांची वाचला. 1891 मध्ये मेल्यावर त्याचं कातडं भरून ठेवलं, ते कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. किओचे अवशेष 1877 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला नेऊन पुरले. उतारावरचा दगड फक्त त्याची जागा सांगतो.