ट्रॉली गेली की लिंक झोपते

लिहीन लिहीन म्हणता वर्ष होऊन गेलं. आज बाहेर धो धो पाऊस आहे आणि अजून तरी फॉल्टचा फोन आलेला नाही, तर उरकूनच टाकतो.

मी ओएफसी, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबलच्या (काचेच्या तारेतून उजेडावर निरोप नेणाऱ्या केबलच्या) मेंटेनन्समध्ये आहे, सांगली-कोल्हापूर पट्टा. म्हणजे जेसीबीवाल्याने केबल तोडली की रात्री दोनला ज्याची झोप जाते तो मी. पण खरं सांगू का, तुटलेल्या केबलचं काम सोपं असतं. ओटीडीआर (फायबरमध्ये उजेड सोडून बिघाड कुठं ते सांगणारं मशीन) लावायचा, तो सांगतो अमुक किलोमीटरवर संपली, गाडी काढायची, खड्डा बघायचा, जोडायची, घरी जाऊन झोपायचं. डोक्याला ताप देते ती न तुटलेली केबल, जी चालू असते, मधेच दोन सेकंद डोळा मिटते, आणि आपण मशीन घेऊन पोचेपर्यंत शहाण्या पोरासारखी हाताची घडी घालून बसलेली असते.

अशीच एक 38 किलोमीटरची लिंक, म्हणजे दोन ठिकाणं जोडणारी लाईन. दिवाळी झाली आणि फ्लॅप व्हायला लागली. दिवसाला वीस-पंचवीस वेळा डाऊन, लगेच अप. ऑफिसचं म्हणणं एसएफपी (टोकाला उजेड सोडणारं आणि घेणारं छोटं यंत्र) बदला. बदलले, दोन्ही टोकांचे. पॅच कॉर्ड बदलल्या, कनेक्टर पुसले, फरक शून्य. मग ऑफिसचं म्हणणं की तुमची फायबर खराब आहे, आणि माझं म्हणणं की फायबर खराब असती तर ट्रेसमध्ये, म्हणजे ओटीडीआर काढतो त्या रेघेत, दिसली असती. इथंच माझं चुकलं, पण ते पुढं येईल.

आधी हिशोब सांगतो. 1550 नॅनोमीटर वेव्हलेंथवर (वेव्हलेंथ म्हणजे उजेडाचा रंगच म्हणा) चांगल्या सिंगल मोड फायबरचा लॉस किलोमीटरला 0.2 डीबीच्या (डीबी म्हणजे उजेड किती घटला त्याचं माप) आसपास असतो, 1310 वर 0.35 धरा. म्हणजे 38 किलोमीटरचे साडेसात-पावणेआठ डीबी झाले. वर जॉइंट. नीट मारलेला स्प्लाइस, म्हणजे वितळवून केलेला जोड, 0.05 च्या आतबाहेर जातो, पण हा रूट म्हणजे रस्ता रुंदीकरणाने दहा वेळा तोडून दहा वेळा जोडलेला, गोधडीच म्हणा ना. टोकाला पॉवर मिळत होती मायनस 13 डीबीएम (पोचलेल्या उजेडाचं माप), आणि समोरच्या एसएफपीची ऐपत मायनस 16 च्या जवळपास संपते. हातात उरले 3 डीबी. ऐकायला तीन म्हणजे किरकोळ वाटतं, पण 3 डीबी म्हणजे निम्मा उजेड. तेवढा गेला की लिंक खल्लास.

आता ओटीडीआर काय करतो ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळी गंमत त्यातच आहे. तो एका टोकातून लेसरची पल्स सोडतो आणि परत काय येतं ते ऐकत बसतो. काचेत अणुरेणूंची मांडणी कुठे दाट कुठे विरळ अशी गोठलेली असते, त्यावरून उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातला एक चिमूटभर मागं येतो. हे रेले स्कॅटरिंग, आकाश निळं दिसायचं कारण तेच. काचेत उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन यायला साधारण 10 मायक्रोसेकंद. किती वेळानं किती उजेड आला त्यावरून कुठं किती लॉस हे कळतं. पण एका पल्समागं येणारा उजेड इतका मरतुकडा असतो की एका पल्सचा ट्रेस म्हणजे नुसतं गवत. म्हणून मशीन तीन मिनिटं पल्सवर पल्स मारतं, सगळ्यांची सरासरी काढतं, मग कुठं ती सुबक उतरती रेघ दिसते.

सरासरी. तीन मिनिटांची. आणि आमची लिंक मरत होती दोन सेकंद.

म्हणजे मी जो ट्रेस अभिमानाने सगळ्यांना मेल करत होतो, त्यातून नेमका आजारच पुसून टाकलेला होता. राउटरवर रिसीव्ह पॉवरचा ग्राफ होता म्हणा, पण तो दर पाच मिनिटांनी एकदा डोकावून बघणार, त्याला काय सापडणार डोंबल.

सुगावा लागला तो बापूंना. बापू आमचे जॉइंटर, फ्यूजन मशीनचा पडदा चश्म्याशिवाय वाचता येत नाही पण 9 मायक्रॉनची कोर डोळे मिटून जोडतील. मी डाऊन झालेल्या वेळांचं प्रिंटआउट घेऊन चहाच्या टपरीवर बसलो होतो. सगळी गर्दी पहाटे चार ते आठ आणि परत रात्री नऊनंतर. रविवारी पण सुट्टी नाही. बापूंनी कागद बघितला आणि म्हणाले, "सायेब, ह्या टायमाला कारखान्यावरनं रिकाम्या ट्रॉल्या सुटत्यात की."

दिवाळीनंतर. ऊस. हंगाम सुरू. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ट्रेस परत काढला आणि लाज सोडून बारक्या बारक्या पायऱ्या बघितल्या. 21.3 किलोमीटरवर एक होती, 1550 वर 0.15 डीबी, 1310 वर जवळजवळ नाहीच. जॉइंट असेल म्हणून मी सोडून दिलेली. पण जॉइंट खराब असला तर दोन्ही वेव्हलेंथवर साधारण सारखाच दिसतो. 1550 वर जास्त आणि 1310 वर कमी याचा अर्थ फायबर कुठंतरी वाकलीय, लांब वेव्हलेंथ वळणावर लवकर बाहेर सांडते. हे मला पाठ होतं हो, ट्रेनिंगला मीच शिकवतो!

नकाशावर 21.3 म्हणजे उसाचं रान येत होतं. पण फायबरचं 21.3 आणि रस्त्याचं 21.3 कधीच एक नसतं, प्रत्येक चेंबरमध्ये (केबलसाठी बांधलेल्या खड्ड्यात) दहा-वीस मीटरचा लूप गुंडाळून ठेवलेला असतो, शिवाय केबलमध्ये फायबर जरा सैल पिळूनच भरलेली असते. मशीनमधला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (काचेत उजेड किती सावकाश जातो तो आकडा) 1.468 च्या जागी 1.465 ठेवला तरी एवढ्या अंतरावर चाळीसेक मीटरचा घोळ होतो. बापूंचा यावर जुना उपाय. संशयाच्या आधीच्या चेंबरमध्ये उतरायचं, क्लोजर (जोडांची डबी) उघडायचा, रिकाम्या कोरला, म्हणजे केबलमधल्या वापरात नसलेल्या फायबरला, बोटावर हलकासा बाक द्यायचा, आणि मी फोनवर सांगायचं की ट्रेसवर नवी पायरी कुठं उमटली. ती उमटली 21.1 वर. चेंबरच्या पुढं दोनशे मीटर म्हणजे वारणेवरचा जुना पूल.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी ओटीडीआरवर, बापू पुलावर, फोन चालू. चालू कोरला हात लावायचा नव्हता, त्याच ट्यूबमधली रिकामी कोर घेतली, 1550, आणि सरासरी बंद करून रिअल टाइम मोड. रेघ गवतासारखी घाणेरडी, पण जिवंत. दहा मिनिटं काहीच नाही. मग फोनवर आधी ट्रॅक्टरमधलं गाणं ऐकू आलं, मग बापूंचा आवाज, "डबल ट्रॉली आली बघा, रिकामी," आणि माझ्यासमोर 21.3 च्या पुढचं सगळं शेपूट खाली आपटलं, वर आलं, परत आपटलं, आणि शांत झालं. अलीकडची रेघ जागची हलली नव्हती. शपथ सांगतो, अंगावर काटा आला. भरलेली ट्रॉली दाबून जाते, रिकामी आपटत जाते, म्हणून रिकाम्यांना जास्त.

पुलाच्या कठड्याला जीआय पाईप, त्यातून केबल. दोन गाळ्यांच्या मधल्या फटीवर पाईपचं कपलिंग निसटलेलं आणि पाईपची धार केबलवर टेकलेली. पूल हलला की पाईप हलायचा आणि केबलला बाक पडायचा. तेवढा तुकडा कापून नवी केबल टाकली, फटीवर लवचिक पाईप, थोडा ढिलावा, दोन्ही बाजूंना क्लॅम्प. पॉवर मायनस 12.8 वर आली. फार काही सुधारली नाही बघा! पण हलायची थांबली.

यानंतर माझ्या डोक्यात एकच किडा. मी ज्याला आजार म्हणून घालवला, ती ट्रॉलीची थरथर फायबरने मला 21 किलोमीटरवर बसून दाखवली होती. एक मित्र तेलाच्या पाईपलाईनवर आहे, त्याला सांगितलं तर तो हसला, म्हणाला आम्ही याचाच पगार घेतो. त्यांच्याकडे डीएएस असतं, डिस्ट्रिब्यूटेड अकूस्टिक सेन्सिंग. कागदावर डीएएस, बोलताना डास. (बापूंचा पहिला प्रश्न, "चावतो का?")

त्याच्याकडे जाऊन बघितलं. फायबर तीच, पल्स तीच, रेलेचा उजेड तोच. फरक लेसरचा. साध्या ओटीडीआरचा लेसर मुद्दाम फाटक्या रंगाचा, म्हणजे अनेक छटा मिसळलेला, ठेवतात, कारण एकदम शुद्ध रंग वापरला तर मागं येणारे उजेड एकमेकांत मिसळून कुठं वाढतात कुठं मरतात आणि ट्रेस खडबडीत होतो. डासला तोच खडबडीतपणा हवा असतो. लेसर अगदी शुद्ध, आणि बघायचं ते उजेड किती आला एवढंच नाही तर त्याची फेज, म्हणजे लाटेची जागा, किती सरकली. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतकी फायबर ताणली गेली तरी ते सरकणं पकडता येतं. केबल वाकायची, लॉस व्हायची गरजच नाही, शेजारून माणूस चालत गेला तरी पुरे. आणि इथं तीन मिनिटांची सरासरी नाही. 50 किलोमीटर जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला 2000 पल्स, म्हणजे प्रत्येक दहाएक मीटरच्या तुकड्याला सेकंदाला 2000 वेळा विचारायचं, बाबा हललास का.

स्क्रीनवर आडवं अंतर, खाली सरकत जाणारा वेळ. गाडी गेली की तिरकी रेघ, जितकी वेगात तितकी आडवी. एकाच जागी ठिपके पडत राहिले तर कोणीतरी खणतंय, गार्डला फोन. आणि जागा जुळवायला काय करतात माहितीये? एक माणूस हातोडा घेऊन लाईनवर जाऊन जमिनीवर ठोकतो आणि दुसरा स्क्रीनवर बघून सांगतो कुठं दिसलं. बापूंची बोटावरची कोर!

नॉर्थईस्ट फ्रंटियर रेल्वेने 2022 पासून रुळांशेजारच्या ओएफसीवर हेच बसवायला घेतलंय, हत्ती रुळाकडे आला की पावलांवरून ओळखायचं आणि गाडी थांबवायची. नाव ठेवलंय गजराज. अमेरिकेत पॅसाडेनात 2020 च्या रोझ परेडला शहराच्या पडून असलेल्या फायबरमध्ये चित्ररथ आणि बँडची पावलं वेगवेगळी उमटली होती. आमच्याकडे रूटवर 24 कोरपैकी निम्म्या रिकाम्या पडून आहेत आणि आम्ही त्यांचा उपयोग फक्त चालू कोर मेली की बदलायला करतो. अर्थात डासचं मशीन ओटीडीआरच्या कित्येक पट महाग, मागितलं तर मलाच पुलाला टांगतील, आणि रोजचा डेटा इतका की तो ठेवायचा कुठं हाही प्रश्न.

बापूंना परत येऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळत विचारलं, "मग त्याला ट्रॉलीत ऊस किती हाय ते बी कळत आसंल?"

म्हटलं भरलेली का रिकामी एवढं कळेल बहुतेक, टन नाही कळायचे, जमीन कुठं मऊ कुठं कडक, केबल कुठं ढिली, सगळीकडे आवाज वेगळा.

"टन कळलं आस्तं तर," बापू म्हणाले, "कारखान्याच्या काट्यावर बसवाय सांगितलं आस्तं."