मुंबई ते नेवार्क : आईच्या इन्सुलिनसाठी मांडलेला हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये आईला साताऱ्याहून ताईकडे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला घेऊन गेलो. तिथला जवळचा विमानतळ नेवार्क. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, जेवणाआधीचं इन्सुलिन वेगळं आणि रात्री साडेनऊचं वेगळं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विमानात नक्की किती तास?"

नेटवर मुंबई-नेवार्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर दिसलं. विमानाचा वेग ताशी ९००, म्हणून मी चौदा तास सांगून मोकळा झालो. आईने तिकीट बघितलं. रात्री दीडला सुटणार, सकाळी साडेसातला पोचणार. "अरे, सहाच तास की!" आम्ही दोघंही चुकलो होतो.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे (उन्हाळ्यात साडेनऊ). सहात साडेदहा मिळवले, साडेसोळा झाले.

मग माझ्या चौदाच्या वरचे हे अडीच तास कुठले? पुतण्याचा पृथ्वीगोल घेतला आणि मुंबई ते नेवार्क दोरा ताणून धरला. दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तानवरून रशियात शिरला, आइसलँडजवळून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला लागून खाली उतरला. १२,५०० किलोमीटर म्हणजे हा दोरा. पण एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद, त्यामुळे आमचं विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाणार. त्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जाताना बराचसा प्रवास वाऱ्याच्या विरुद्ध. शिवाय धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही तिकिटाच्या तासांत धरलेला असतो.

डॉक्टरांना पुन्हा फोन केला आणि साडेसोळा सांगितले. त्यांनी कागदावर वेळा लिहून दिल्या. घड्याळ भारताचंच ठेवा. जेवणाआधीचं इंजेक्शन ताट समोर आल्यावरच, कारण ताट कधी येईल ते आपल्या हातात नसतं. पेन आणि सुया हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं. तिथे पोचल्यावर रात्रीची वेळ कशी सरकवायची तेही त्यांनी दिवसवार लिहिलं. हा कागद मी पासपोर्टपेक्षा जास्त जपला.

साताऱ्याहून दुपारी दोनला निघालो. रात्रीचं इंजेक्शन साडेनऊला मुंबईच्या टर्मिनल दोनवर, खुर्चीत बसून घेतलं. विमानात दर दोन तासांनी आईला उठवून मधल्या वाटेने चालवत होतो. पाय सुजतात म्हणून. झोप मला लागली नाही, तिला छान लागली.

उतरलो तेव्हा बाहेर सकाळचं कोवळं ऊन होतं आणि आईच्या मनगटावर सहा वाजले होते. "आपल्याकडे दिवेलागण झाली," ती म्हणाली. इमिग्रेशन, सामान करून एडिसनला पोचेपर्यंत घर सोडून तीस तास झाले. ताईने चहा टाकला. अकरा वाजता, म्हणजे साताऱ्याच्या साडेनऊला, आईने रात्रीचं इन्सुलिन घेतलं.

जानेवारीत परतताना वारा पाठीशी होता. तिथून रात्री नऊला सुटलो, दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मुंबईत. पंचवीस वजा साडेदहा, साडेचौदा तास. हे गणित या वेळी आईनेच तिकिटामागे पेनाने मांडलं होतं.